पावसाळाभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना

कोल्हापुरात चारचाकी दारात नुसती उभी राहण्याचा हंगाम म्हणजे जून ते सप्टेंबर. घरातली तरुण मंडळी पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, आईवडील पावसात गाडी काढायला राजी नाहीत, आणि गाडी राजारामपुरीच्या बोळात किंवा बावड्याच्या अंगणात पत्र्याखाली. मग गणपतीला कोणीतरी घरी येतं, किंवा खंडेनवमीला गाडी धुऊन हार घालायचा म्हणून किल्ली फिरवली जाते, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणून आतून नुसतं ‘टक टक टक’ ऐकू येतं.

दोन-तीन महिने उभ्या गाडीला बहुतेक वेळा बॅटरीच नडते, आणि ते काम एका रात्रीच्या चार्जिंगचं असतं. मोठा खर्च येतो तो वेगळ्याच कारणाने. गाडी उठत नाही म्हणून कोणी काही न बघता सेल्फ मारत राहतं, कोणी धक्का मारून पळवतं, आणि उंदराने कुरतडलेली वायर, खराब झालेलं पेट्रोल किंवा कोरडं पडलेलं इंजिन त्या झटापटीत कायमचं बिघडतं. म्हणून किल्ली सगळ्यात शेवटी.

किती दिवस झाले?

आधी हे नीट आठवा, कारण कामाचा आकार त्यावर ठरतो. तीन आठवड्यांपर्यंत उभी असेल तर बॉनेट उघडून एक नजर टाका, हवा बघा आणि सुरू करा. एक ते तीन महिने झाले असतील तर बॅटरी, टायर आणि उंदीर या तीन गोष्टी तपासाव्याच लागतात. सहा महिन्यांच्या पुढे पेट्रोल आणि ब्रेकही त्यात येतात. वर्ष उलटलं असेल तर इंजिन हाताने फिरवून, ऑईल बदलून मगच सेल्फला हात लावायचा. आणि गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल तर यातलं काहीच करायचं नाही. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे, तो भाग आधी वाचा.

बॉनेट उघडण्याआधी

बॉनेटवर दोन-चार थापा मारा आणि मिनिटभर थांबा. आत मांजर असू शकतं. गावाच्या कडेला, ऊस अगदी घरापर्यंत आलेला असेल तिथे सापही असू शकतो. उसाला कोयता लागला की शेतातले उंदीर आणि घुशी आसऱ्याला बाहेर पडतात, आणि त्यांच्या मागे साप येतात. गाडीखाली टॉर्च मारून बघा. ऑईल, कूलंट, पेट्रोल यातलं काही ठिबकलेलं असेल तर फरशीवर डाग दिसेल. हिरवट किंवा गुलाबी डाग कूलंटचा, काळा ऑईलचा. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेलकट ओल दिसली तर ती ब्रेक ऑईलची समजा आणि गाडी जागेवरून हलवू नका.

सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून बघा. कुंभारीण माशी मातीचं घरटं बांधते ते बरेचदा इथेच. काडीने किंवा वाकवलेल्या तारेने ते बाहेरच्या बाजूला ओढून काढा, आत ढकलू नका.

बॉनेट उघडल्यावर उंदराची लेंडी, कापूस, नारळाच्या शेंड्या, कुरतडलेलं फोम दिसलं तर हातात रबरी हातमोजे आणि तोंडाला मास्क लावूनच पुढचं काम करा. उंदराच्या लघवीतून लेप्टो होतो, आणि पावसाळ्यात त्याचा धोका जास्त. ती घाण कोरडी झाडू नका. ब्लीचिंगचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा आणि ओल्या फडक्याने पुसून काढा. फडकं पिशवीत बांधून टाका.

एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढून आत बघाच. घरटं करायला उंदरांना ही जागा फार आवडते, आणि गाडी सुरू झाली की तो सगळा कचरा इंजिनात ओढला जातो. मग वायरी बघा. इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक वायरी, बॅटरीच्या मागचा हार्नेस (वायरींची जुडी), फायरवॉलजवळचा, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळचा गठ्ठा या तीन ठिकाणी जास्त कुरतडलेलं सापडतं. उघडी तांब्याची तार दिसली तर बॅटरी जोडायचीच नाही. आधी ऑटो इलेक्ट्रिशियन. नुसती टेप गुंडाळून भागत नाही, तार अर्धी तुटलेली असते आणि पुढच्या खड्ड्यात पूर्ण तुटते.

ऑईलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑईल काळं असणं हा दोष नव्हे, पण दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे. तिथेच थांबा आणि मेकॅनिक बोलवा. कूलंटची पातळी बाहेरच्या टाकीवरच्या खुणेवरून बघा. फॅन बेल्ट बोटाने मुरगाळून पाहिला तर आतल्या बाजूच्या भेगा दिसतात.

बॅटरी

किल्ली काढून घेतली तरी गाडी थोडी वीज खातच असते. सेंट्रल लॉक, अलार्म, म्युझिक सिस्टमचं घड्याळ, इंजिनाचा संगणक, सगळं मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. ३० धरले तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे साडेतीन आठवड्यांत ती अर्धी रिकामी होते आणि सात आठवड्यांत पुरती. बाहेरून बसवलेला जीपीएस किंवा डॅशकॅम असेल तर त्याहूनही लवकर. जूनच्या सुरुवातीला लावलेली गाडी गणपतीत उठत नाही ती यामुळेच.

दोनेकशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असावा. गाडी बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांवर लावून वाचा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी, कदाचित उचलेल. १२ च्या खाली सेल्फ मारून फायदा नाही, चार्ज करा. ११ च्याही खाली दोन महिने पडून असेल तर आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसलेला असतो आणि अशी बॅटरी चार्जरला लावल्यावर भरल्यासारखी दिसते पण टिकत नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर आली असेल तर तीच अर्ध्या तक्रारीचं मूळ असते. १० नंबरचा पाना घ्या. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडा, मग लाल. लावताना उलटं: आधी लाल, शेवटी काळी. हा क्रम पाठांतरासाठी नाही. काळी जोडलेली असताना लाल सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, पाना लाल होतो आणि हात भाजतो. कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासा, फडक्याने कोरडं करा. बॅटरीच्या टोपणांतून ते पाणी आत जाऊ देऊ नका. जोडून झाल्यावर वरून थोडं व्हॅसलीन लावा. गाडीची किल्ली मात्र या सगळ्या वेळात खिशात असू द्या. बॅटरी जोडताक्षणी सेंट्रल लॉक बसतो आणि किल्ली आत राहते, असं पुष्कळ वेळा होतं.

टोपणं उघडता येणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला, आणि वरच्या खुणेपर्यंत भरायचं ते चार्जिंग झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना आम्ल वर येऊन सांडतं. बिसलेरीचं किंवा फिल्टरचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार प्लेटा खातात.

चार्जिंगचा नेम सोपा आहे: बॅटरीच्या क्षमतेचा दहावा हिस्सा अँपिअर. ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. घरी चार्जर नसेल तर उद्यमनगरात किंवा कुठल्याही बॅटरीच्या दुकानात रात्रभर लावून देतात. दुकानदाराला ‘फास्ट नको, सावकाश लावा’ एवढं सांगा. घाईने जास्त करंट दिला की बॅटरी तापते आणि उरलंसुरलं आयुष्य संपतं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलीत किंवा देवघराच्या समईजवळ बॅटरी ठेवू नका.

चार्ज झाल्यावर रात्रभर नुसती ठेवा आणि सकाळी मोजा. साडेबाराच्या वर असेल तर ठीक. सेल्फ मारताना मीटर लावून बघा, दहाच्या खाली फारसं जाऊ नये. साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर चार-पाच वर्षं झालेल्या बॅटरीवर आणखी पैसे घालवू नका. नवी घ्या आणि जुनी दुकानदाराला परत द्या, तिचे पैसे बिलातून वजा होतात.

शेजाऱ्याच्या गाडीवरून सुरू करायची असेल

दोन बॅटऱ्या जोडणारी जंपर केबल जाड हवी. पेट्रोलला निदान १६ चौरस मिलिमीटर तांबं, डिझेलला २५. बाजारात जाड रबर आणि आत केसासारखी तार अशा केबली ढिगाने मिळतात, त्या गरम होतात आणि गाडी मात्र उठत नाही. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या असाव्यात. ट्रकची २४ व्होल्टची बॅटरी चुकूनही नको. गाड्या एकमेकींना चिकटू देऊ नका.

लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळीचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नव्हे, तर इंजिनाच्या एखाद्या बिनरंगाच्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून हातभर लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते, आणि उतरलेल्या बॅटरीवर गॅस असू शकतो. शेजाऱ्याची गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग तुमची सुरू करा. झाल्यावर उलट्या क्रमाने काढा.

सुरू गाडीची बॅटरी काढून दुसऱ्या गाडीत टाकण्याची जुनी युक्ती अजूनही काही जण करतात. पद्मिनी आणि डायनॅमोच्या काळात ते खपून जायचं. आजच्या गाडीत चालू इंजिनावर बॅटरी सोडली की अल्टरनेटरचं, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या जनित्राचं, व्होल्टेज उसळतं आणि संगणक जळू शकतो. त्याचा खर्च बॅटरीच्या कित्येक पट.

धक्का मारण्याबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. मॅन्युअलमध्येही पेट्रोल पंप, इंजेक्टर आणि संगणक चालायला थोडी वीज लागतेच. डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नसेल तर गल्लीतली सगळी पोरं बोलावूनही उपयोग नाही. दिवे लागत असतील, गाडी महिन्याभराचीच उभी असेल आणि रस्ता सपाट असेल तर किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडी धावत्या माणसाच्या वेगाला आली की क्लच झटकन सोडून पुन्हा दाबा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, म्हणून उतारावर हा प्रयोग नको. वर्षभर उभ्या गाडीवर तर नकोच नको.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्या जिल्ह्याला त्याची ओळख करून द्यायला नको, ते इथल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतही बनतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा आत-बाहेर होत राहिली तर पाण्याचं प्रमाण वाढतं, आणि एका मर्यादेपलीकडे पाणी व इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं पडतं आणि तळाशी बसतं. टाकीतल्या पंपाचं तोंडही तळाशीच असतं. म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिल्यांदा मिळतं तेच मिश्रण. गाडी एकदा सुरू होते, धक्के देते आणि बंद पडते.

तीन महिन्यांपर्यंतच्या पेट्रोलची फारशी चिंता नको. सहा महिने झाले असतील आणि टाकीत पाचेक लिटर असेल तर १५ लिटर ताजं त्यात भरा, बहुतेक वेळा निभतं. टाकीचं झाकण उघडल्यावर पेट्रोलऐवजी आंबूस, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर मिसळायच्या भानगडीत पडू नका. टाकी रिकामी करून घ्या. हे काम मागच्या सीटखालचा पंप काढून होतं आणि ते घरी करू नये: बंद जागा, पेट्रोलची वाफ आणि एखादं स्विच एवढं आगीला पुरतं. एप्रिल २०२३ च्या आधी बनलेली गाडी असेल तर रबरी पाइप विशेष बघा. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, ते फुगतं आणि चिरतं. बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर सेल्फ मारायचा नाही.

जुनी कार्बोरेटरची मारुती ८०० किंवा ओम्नी असेल तर बहुधा कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. यांत्रिक पंपाला ते पुन्हा भरायला वेळ लागतो. दहा-दहा सेकंदांच्या तीन-चार खेपा सेल्फ माराव्या लागतील, मध्ये दम घेऊन. कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतायची पद्धत आहे, पण इंजिन उलटं भडकलं की आग थेट हातावर येते.

डिझेलमध्ये पाण्याचा त्रास वेगळा. डिझेल फिल्टरच्या तळाशी एक स्क्रू असतो. खाली पारदर्शक बाटली धरून तो सैल करा आणि स्वच्छ डिझेल येईपर्यंत, साधारण कपभर, सोडा. पाणी बाटलीत तळाशी वेगळं दिसतं. स्क्रू घट्ट करून फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा, म्हणजे लाइनमधली हवा निघते. कॉमन रेल, म्हणजे फार मोठ्या दाबाने डिझेल मारणाऱ्या गाडीत इंजेक्टरकडच्या जाड लोखंडी पाइपांचे नट मात्र सोडू नका, तिथला दाब कातडी फाडून आत जातो. किल्ली ऑन केल्यावर गुंडाळलेल्या तारेचं चिन्ह विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ.

सीएनजी गाडीत लोक पेट्रोल विसरूनच जातात. वर्षभर तेच चार लिटर टाकीत, आणि बऱ्याच गाड्या सुरू होतात पेट्रोलवरच. गॅसच्या सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी लागते, तिची तारीख प्लेटवर बघून घ्या.

वर्षाहून जास्त उभी असेल तर

सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल खाली उतरलेलं असतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्या जागी बारीक गंज धरतो. अशा वेळी एकदम सेल्फ मारला तर पिस्टनच्या रिंगा त्या गंजावरून कोरड्या घासतात.

पेट्रोल गाडीचे प्लग काढा. प्लगच्या खड्ड्यात धूळ असेल तर आधी पंपाने हवा मारून उडवा, नाहीतर ती सिलिंडरात पडते. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक चहाचा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, स्वच्छ इंजिन ऑईल सोडा आणि काही तास, जमलं तर रात्रभर, राहू द्या. मग गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या मधल्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. बहुतेक इंजिनं समोरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. काही जुन्या होंडा उलट्या, म्हणून आधी मॅन्युअल बघा. कुठे एकदम कडक अडलं तर जोर लावू नका. पुन्हा ऑईल सोडा, आणखी एक दिवस थांबा. पाइप घालून पान्याची दांडी लांब करण्याचा मोह होतो, पण बोल्ट मोडला की काम दसपट वाढतं.

मोकळं फिरलं की पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढा, प्लगच्या भोकांवर जुनं फडकं टाका आणि सेल्फ पाच-पाच सेकंद तीन वेळा मारा. जास्तीचं ऑईल फडक्यावर उडून येतं आणि ऑईल पंप सगळीकडे ऑईल पोचवतो. ऑईलचा लाल दिवा विझला की समजा पोचलं. मग प्लग लावा, नवे लावलेत तर उत्तम. डिझेलचे हीटर प्लग काढताना मोडतात, ते काम मेकॅनिकचं.

ऑईल आणि फिल्टर सुरू करण्याआधीच बदलावं असं आमचं मत. छोट्या पेट्रोल इंजिनाला तीन-साडेतीन लिटर लागतं, मोठा खर्च नाही. टायमिंग बेल्टवाली गाडी असेल आणि बेल्ट किती वर्षांचा हे कोणालाच माहीत नसेल तर तो आधी बदला. रबर किलोमीटरने नाही तरी वर्षांनी पिकतंच, आणि बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो.

किल्ली फिरवताना

गाडी उघड्यावर हवी. शटर किंवा पोर्चचा दरवाजा बंद ठेवून इंजिन चालू ठेवणं जिवावर बेततं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एसी, दिवे, म्युझिक बंद. किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या बाजूने दोन सेकंद ‘घूं’ असा आवाज येतो, तो पेट्रोल पंपाचा. किल्ली बंद-चालू असं तीन-चार वेळा करा, म्हणजे लाइन भरते. मग क्लच दाबून सेल्फ, एका वेळी पाच सेकंद, फार तर दहा. मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर तापून जळतो.

उठली नाही तर आवाजावरून कळतं. भराभर ‘टक टक’ म्हणजे बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल सैल. एकच जोरदार ‘टक’ आणि शांतता म्हणजे स्टार्टर अडकलेला किंवा इंजिनच जाम. स्टार्टरच्या अंगावर लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच ठोकलं तर ब्रश सुटतात, पण हा एकदाच करायचा उपाय. काहीच आवाज नाही तर फ्यूज, टर्मिनल, क्लचखालचा स्विच बघा. ऑटोमॅटिकमध्ये गिअर ‘पी’वर आहे ना ते. किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली वापरून बघा. बटणाच्या किल्लीतला सेल बदला, बऱ्याच किल्ल्यांत तो सीआर २०३२ असतो. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन पकडत नाही, आणि पेट्रोलचा वास येतो, तर प्लग भिजले आहेत: अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून पाच सेकंद सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत असं केल्यावर पेट्रोल बंद होतं आणि नुसती हवा जाते. आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, गरगर फिरत असेल तर कॉम्प्रेशन नाही. बेल्ट तुटला असण्याची शक्यता धरून तिथेच थांबा.

सुरू झाली की पहिलं लक्ष ऑईलच्या लाल दिव्याकडे. तीन-चार सेकंदांत विझला नाही तर बंद करा. रेस करू नका. प्लगमधून ऑईल सोडलं असेल तर पाच-दहा मिनिटं निळसर धूर येतो, तो जातो. पांढरी वाफ सुरुवातीला चालते. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा गोडसर वासाचा धूर राहिला तर कूलंट जळतं आहे.

सुरू झाली, पण हलत नाही

पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी म्हणजे मागची चाकं जाम. ड्रमला लायनर गंजाने चिकटतात. हँडब्रेक दोन-चार वेळा ओढून सोडा, मग पहिला गिअर आणि रिव्हर्स आळीपाळीने अगदी हलके. ‘खट्ट’ असा आवाज होऊन सुटतं. नाही सुटलं तर पुढच्या चाकांना दगड लावून मागचं चाक जॅकवर घ्या, काढा आणि ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा धरून हातोडीने सगळ्या बाजूंनी ठोका. ओढून नेऊ नका, लायनर सुटून आत अडकतं. पुढच्या डिस्कवर आलेला तांबूस थर मात्र दहा-बारा ब्रेक मारले की निघून जातो.

दमट हवेतला दुसरा त्रास क्लचचा. क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही किंवा करकरतो, कारण प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. इंजिन पंधरा मिनिटं गरम करा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटते.

हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, छोट्या गाड्यांना साधारण ३० ते ३३ पौंड. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांपुढचा आणि भेगा पडलेला टायर हायवेला नेऊ नका. एकाच जागी उभं राहून पडलेला सपाट भाग दहा-वीस किलोमीटरमध्ये सहसा भरून येतो, तोवर स्टिअरिंग थरथरतं.

पहिली फेरी गल्लीतच. ब्रेकचं पॅडल घट्ट आहे, गाडी एका बाजूला ओढत नाही एवढं बघून मग हायवेला कागलपर्यंत जाऊन या. नुसती दारात अर्धा तास चालू ठेवल्याने बॅटरी फारशी भरत नाही, पेट्रोल मात्र जातं. पन्हाळ्याचा घाट दुसऱ्या दिवशी. ब्रेक ऑईल दोन वर्षांहून जुनं असेल तर त्यात पाणी मुरलेलं असतं आणि उतारावर तापलं की पॅडल एकदम खाली जातं. निघण्याआधी विमा आणि पीयूसीची तारीख बघा, उभ्या गाडीची ती हमखास उलटून गेलेली असते.

पुरात उभी राहिलेली गाडी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी त्याच्या कितीतरी वर गेली आणि शाहूपुरी, नागाळा पार्क, सुतारवाड्यात गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर गाडी बाहेरून धुऊन कोरडी दिसते. गालिचा उचलून बघा, सीटच्या रुळांवर गाळ आणि गंज आहे का बघा, एअर फिल्टरवर पाण्याची रेघ शोधा.

पाणी चाकाच्या मध्यापेक्षा वर आलं असेल तर किल्ली ऑनसुद्धा करायची नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरात पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन वर येतो, त्याला जागा मिळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय ओल्या संगणकात वीज गेली की तोही जातो. निगेटिव्ह वायर सोडा, पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, उचलून न्या. टोचन लावून चाकांवर ओढू नका. पाण्यात सेल्फ मारून मोडलेल्या इंजिनाचा दावा साध्या पॉलिसीत बहुधा नाकारला जातो, त्यासाठी इंजिनाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

पुन्हा उभी ठेवायची असेल तर

घरात चालवणारं कोणी असेल तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणणं याहून चांगला उपाय नाही. नसेल तर टाकी जवळपास भरून ठेवा, म्हणजे दमट हवेला जागा राहत नाही. टायरला हवा पाचेक पौंड जास्त. हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड. प्लास्टिकचं कव्हर नको, आत घाम सुटतो, कापडी घ्या. गाडीत शेंगदाण्याचं एक टरफलही राहू देऊ नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून टोकाला कापड गुंडाळा. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी बटणाने उघडत असेल तर वायर सोडल्यावर ती बंद करू नका, किंवा हाताने उघडायची कळ कुठे आहे ते आधी शोधा.

काही जण बॅटरी काढून घरात ठेवतात आणि खाली लाकडी फळी घालतात, फरशीवर ठेवली तर उतरते म्हणून. जुन्या काळच्या रबरी पेट्यांच्या बॅटरीला ते लागू होतं. आताच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशी काही करत नाही. ती आपली आपणच उतरत राहते, आणि दीड-दोन महिन्यांनी एकदा चार्जरला लावावी लागते.